त्या गाण्यावर घोडी वाकते

माझ्या लग्नापासून आमचे जावई आमच्या घरी जेवले नव्हते.

आता माझी मुलगी कॉलेजात जाते, यावरून हा रुसवा किती मुरलेला आहे ते समजावं. जावई म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शोभाताईचे यजमान. राहणार आमच्याच जिल्ह्यातल्या तळेगावचे. ताईला माहेरी सोडायला यायचे, पिपरी मेघेतल्या आमच्या फाटकापाशी मोटरसायकल उभी करायचे, गार पाणी प्यायचे (वर्ध्याच्या उन्हात पाण्यावर रुसवा कोणालाच परवडत नाही) आणि वळून निघून जायचे. आई पदराआडून बघत राहायची. ताई चार घास गिळायची आणि ऊन उतरायच्या आत बसने परतायची, कारण नवरा उपाशी असताना माहेरी पोटभर जेवायचं कसं, हा तिचा प्रश्न होता.

कारण विचाराल तर एक घोडी.

आमच्याकडे नवरदेवाला मांडवाच्या दारात घोडीवरून उतरवण्याचा मान थोरल्या जावयाचा. माझ्या लग्नात भाऊजी त्यासाठी खांद्यावर नवा शेला टाकून, बाह्या सरसावून, दोन्ही हात पसरून उभे होते. बँडवाल्यांनी त्याच क्षणी त्या वर्षीचं सगळ्यात गाजलेलं गाणं सुरू केलं. घोडी शिकवलेली होती. ढोल दणाणला की तिने पुढचे दोन्ही पाय दुमडून पाहुण्यांना नमस्कार करायचा, असं तिचं शिक्षण. तिने नमस्कार केला. मी तिच्या मानेवरून, पोत्यातून तूर सांडावी तसा, थेट जमिनीवर आलो. वरात हसली, बँड वाजत राहिला आणि भाऊजींचे हात तसेच पसरलेले राहिले.

"मान माहा, आन् उतरवलं घोडीनं," ते म्हणाले. "मंग घोडीलेच जेवू घाला."

आणि पुढच्या बसने गेले. शेला तेवढा परत करून गेले.

माझी आठवण मात्र अगदी वेगळी आहे. मी जमिनीवर पडलो, फेटा डोळ्यांवर आला, तो वर सारून पाहिलं तर समोरच्या खिडकीत वर्षा उभी होती. माझी होणारी बायको. तोवर मी तिला खाली मान घालून पोहे देतानाच पाहिलं होतं. त्या दिवशी ती तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती, आणि मागे ते गाणं वाजत होतं. माझ्यासाठी ते गाणं म्हणजे वर्षाचं हसणं. त्यात घोडी येत नाही, भाऊजी तर अजिबात येत नाहीत. माणसाचं मन स्वतःच्या सोयीचं तेवढंच साठवतं!

तर यंदा अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. त्याला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं. आमच्याकडे असे कितीतरी अधिक महिने कोरडे गेले होते. यंदा आईने पंचाहत्तरी ओलांडली होती आणि तिने फोनवर भाऊजींना थेटच सांगितलं, "जवाईबापू, पुढचा अधिक महिना येईस्तोवर मी राह्यतो का नाई, कोणाले ठाऊक? माह्या हातचा एक धोंडा खाऊन जा." मग भाऊजी म्हणाले, "येतो, आत्याबाई." (आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात.)

घरात दिवाळी झाली. आईने अनारशाचे तांदूळ भिजवले. ताईचा मला स्वतंत्र फोन आला.

"सुध्या, आयक. तू काई करू नको."

"म्हणजे?"

"म्हणजे काईच करू नको. नुसता बस. वाढलं तं जेव. बोलू नको."

आता मला सांगा, वीस-बावीस वर्षांनी जावई जेवायला येणार आणि घरातल्या एकुलत्या एक मुलाने नुसतं बसायचं? मला एक व्यसन आहे. मी आयुष्य गाण्यांनी मोजतो. कोणतं गाणं कधी ऐकलं, तेव्हा चुलीवर काय होतं, अंगात कोणता सदरा होता, हे मला सगळं पाठ असतं. (विजेचं बिल भरायची तारीख नसते, हे वर्षाचं म्हणणं.) मी ठरवलं की भाऊजींना आपल्या कुटुंबाचं अख्खं आयुष्य गाण्यांतून ऐकवायचं. जुनी गाणी ऐकली की दगडालाही पाझर फुटतो. मी मुलीकडून मोबाइलमध्ये गाणी क्रमाने लावून घेतली आणि मोठा स्पीकर दिवाणखान्याच्या खिडकीत ठेवला. सोबत माइकही होता.

भाऊजी आले. पाटावर बसले. कूलरसमोरची जागा, भोवती रांगोळी. आईने ओवाळलं. ताई भिंतीला टेकून देवाचं नाव घेत होती. केळीच्या पानावर धोंडे, वर तुपाची धार, बाजूला आमरस. मी माइक हातात घेतला.

"सुध्या," ताई दात-ओठ खात म्हणाली.

"एकच मिनिट," मी म्हणालो आणि बालपणापासून सुरुवात केली.

पहिलं गाणं सकाळच्या रेडिओवरचं. ते लागलं की आई भाकरी थापायची आणि मी शाळेला उशीर करायचो. मी भावुक होऊन आईकडे पाहिलं.

"हे गानं कायले लावलं?" आई म्हणाली. "हे लागलं का तुह्या बापाची साखर कारखान्याची पाळी सुटे, आन् घरात दूध नसे. आन् तो आल्याबरोबर चहा मांगे. अजून धाक वाटते मले."

मी घाईघाईने दुसऱ्यावर गेलो. शाळेच्या स्नेहसंमेलनातलं नाचाचं गाणं. "यावर मी पहिला नंबर पटकावला होता," मी माइकवर सांगितलं.

"त्याचं धोतर सुटलं होतं," ताई भाऊजींना म्हणाली. "म्या धावत जाऊन पडदा पाडला."

भाऊजींच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू होतं! मी शपथेवर सांगतो, हसू होतं. मला जोर चढला. तिसरं गाणं लावलं, कॉलेजच्या दिवसांतलं, एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर रोज वाजणारं. बोलण्याच्या भरात मी म्हणालो, "हे ऐकलं की मला अजून ती नागपूरची बस आठवते आणि खिडकीतली ती पिवळी ओढणी..."

स्वयंपाकघरातून वर्षा तुपाची वाटी घेऊन बाहेर आली.

"कोनाची ओढनी?"

"बसची," मी म्हणालो.

"बस ओढनी घेते का जी?"

भाऊजी आता उघडपणे हसत होते. त्यांनी धोंडा फोडला. तुपात बुडवला. घास उचलला. ताईने डोळे मिटले. मला त्या क्षणी थांबायला हवं होतं, हे आज कोणीही सांगेल. पण वर्षा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती निस्तरायला माझ्याकडे एकच उपाय होता. मी चौथं गाणं लावलं.

"आणि हे," मी माइकवर गहिवरून म्हणालो, "माझ्या आयुष्यातल्या सर्वांत आनंदाच्या क्षणाचं गाणं!"

ढोल दणाणला. घास भाऊजींच्या तोंडापासून चार बोटांवर थांबला. त्यांनी तो परत पानावर ठेवला, हात झटकले आणि ते उठले.

"आनंदाचा क्षण," ते म्हणाले. "वा रे वा. पाटावर बसवून आनंद सांगून राह्यला."

"भाऊजी, माझा अर्थ तसा नव्हता..."

"शोभा, चाल."

ताई रडली नाही. ती इतकंच म्हणाली, "आई, आता मी येनार नाई वं. मलेच कटाळा आला या दोघाईचा." आणि पिशवी उचलली. मी मोबाइलवर गाणं थांबवलं आणि मोबाइल खिशात टाकला.

तेव्हा आई बोलली.

"जवाईबापू, तुमचा मान तुमाले भेटला तं जेवान?"

"मान कसा भेटन आत्याबाई? ते होऊन गेलं."

"सुधाकर, घोडी आन."

मला वाटलं उन्हाचा परिणाम झाला. पण आईचा चेहरा दगडासारखा होता. मी नालवाडीच्या दादारावला फोन लावला. तो लग्नात घोडी पुरवतो, आणि अधिक महिन्यात लग्नं नसतात, त्यामुळे घोडी आणि दादाराव दोघेही रिकामे होते.

"नवरदेव कोन हाय?" त्याने विचारलं.

"मी."

"बरं," दादाराव म्हणाला. त्याने आयुष्यात बरंच पाहिलं असावं.

टळटळीत दुपारी आमच्या गल्लीत झालर लावलेली घोडी आली. वर्षाने आईच्या जुन्या साडीचा फेटा माझ्या डोक्याला करकचून बांधला. (पिवळ्या ओढणीचा हिशेब त्या गाठीत होता.) समोरच्या काकू गॅलरीत आल्या आणि त्यांनी वर्षालाच विचारलं, "काऊन वं, दुसरं लगन करून राह्यले का हे?"

"नाई जी, तेच पुरं करून राह्यलो," वर्षा म्हणाली.

लग्नात मी काटकुळा होतो. आता माझ्या पोटाचा स्वतंत्र विचार करावा लागतो. दादाराव आणि दोन शेजाऱ्यांनी मिळून मला वर चढवलं तेव्हा घोडीने मागे वळून पाहिलं, आणि त्या नजरेत मला आमच्या डॉक्टरांची नजर दिसली. भाऊजी फाटकात उभे राहिले. आईने कपाटातून तोच शेला काढून त्यांच्या खांद्यावर घातला. त्यांनी बाह्या सरसावल्या. दोन्ही हात पसरले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मधली सगळी वर्षं गळून पडली. मलाही भरून आलं. मी खाली वाकलो.

वाकलो म्हणजे पोट दाबलं गेलं. पोटाखाली खिसा होता आणि खिशात मोबाइल. थांबवलेलं गाणं सुरू झालं आणि खिडकीतल्या स्पीकरवर ढोल दणाणला.

"बंद करा ते," दादाराव ओरडला. "हिले पाठ हाय ते गानं."

वर्ध्यातल्या कोणत्या घोडीला ते पाठ नाही? तिने कान टवकारले आणि पुढचे दोन्ही पाय दुमडून अख्ख्या गल्लीला नमस्कार केला. मी मानेवरून सुटलो. पण या वेळी भाऊजी गाफील नव्हते. या माणसाने हा क्षण मनात हजार वेळा घोळवला असणार. त्यांनी झेप घेतली, मला हवेतच कवटाळलं आणि आम्ही दोघं फाटकातल्या रांगोळीवर आडवे झालो. मी वर, ते खाली.

मग माझ्या पोटाखालून दबलेला पण तृप्त आवाज आला.

"आत्याबाई, उतरवलं म्या."

"उतरवलं बापू, उतरवलं," आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. ताई हसता हसता फाटकाला टेकून खाली बसली.

"आता उठा, जेवू," मी म्हणालो.

"तू ऊठ," भाऊजी म्हणाले. "मले नाई उठता येत. कंबर गेली."

डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली. कडक पलंग, हालचाल नाही, आणि तळेगावच्या बसचं तर नावच काढायचं नाही. कडक पलंग घरात एकच होता, माझा. त्यावर, कूलरसमोर, आडवं पडून भाऊजींनी आईच्या हातचा पहिला धोंडा खाल्ला. मग दुसरा. मग अनारसे. आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "पाह्य, कसे जेवून राह्यले. बरं झालं बाप्पा, तू पडला." माझ्या पडण्याचं घरात इतकं कौतुक पूर्वी कधी झालं नव्हतं.

अधिक महिना संपून गेला. ताई माहेरी मनसोक्त राहते आहे, आई दहा वर्षांनी लहान दिसते आणि भाऊजी न्याहारी, जेवण, चारचा चहा, पुन्हा जेवण असा मागचा सगळा अनुशेष भरून काढत आहेत. मी जमिनीवर चटई टाकून झोपतो. काल मी हळूच विचारलं, "भाऊजी, कंबर कशी आहे?"

"कंबर बरी हाय. पन तू लय जड हाय बे. अजून दिवस लागन." त्यांनी कूस बदलली. "ते गानं लाव नं."

रोज संध्याकाळी त्यांना तेच गाणं लागतं. ते लागलं की वर्षा स्वयंपाकघराच्या दारात येते आणि तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते, अगदी त्या खिडकीतल्यासारखी. मी सगळं विसरून तिच्याकडे पाहत राहतो.

"पाहून काय राह्यले?" ती म्हणते. "तेल गरम झालं. चोळा त्याइची कंबर."