तिघांचं पथ्य

आम्ही उमरग्याला होतो तेव्हाची गोष्ट. हे तिथं मराठी शाळेत मास्तर होते. निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. पाऊसकाळ संपता संपता यांना कावीळ झाली. आधी डोळे पिवळे झाले, मग नखं, मग घामानं सदरासुद्धा पिवळा पडायला लागला.

घरात मामंजी, थोरले दीर, हे आणि मी. सासूबाई नव्हत्या, आणि जाऊबाई बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. चूल माझ्या एकटीची होती.

मामंजींचा विश्वास वैद्यबुवांवर. त्यांनी भुईआवळीचा रस सांगितला, रोज पहाटे ताजा वाटून, उपाशीपोटी. थोरले दीर निजामाच्या वेळेपासून कचेरीत, त्यांना हकीमसाहेबांशिवाय कुणाचं पटत नसे. हकीमसाहेबांनी कासनीचा अर्क दिला. यांना स्वतःला सरकारी दवाखान्यातले डॉक्टर हवे होते. त्यांनी बाटलीतून तांबडं औषध दिलं. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर डोसाच्या खुणा होत्या.

वैद्यबुवा नाडी धरून डोळे मिटायचे. हकीमसाहेब नाडी धरून झोप कशी लागते, स्वप्नं कसली पडतात ते विचारायचे. डॉक्टर नाडी धरून घड्याळाकडे बघायचे. मनगट एकच होतं. मला तिघांचंही खरं वाटायचं.

मामंजींनी सगळ्या घराला बजावलं होतं की वैद्यबुवांचा रस डॉक्टरांच्या कानावर जाऊ द्यायचा नाही. दिरांनी सांगितलं होतं की हकीमसाहेबांना बाकीच्यांचं कळलं तर त्यांचा अपमान होईल. मी कुणाला काय सांगणार होते? मी दाराआड उभी राहायची, पथ्य ऐकायची आणि यांच्या शाळेच्या पाटीवर उतरवून घ्यायची. चौथीपर्यंत शिकले होते, तेवढं जमत होतं.

वैद्यबुवांनी मीठ, तेल, डाळी, फळं, पालेभाज्या आणि उसाचं सगळं वर्ज्य केलं. हकीमसाहेबांनी जोंधळ्याची भाकरी, गहू, वांगं, भोपळा, कांदा, ताक बंद केलं. डॉक्टरांनी दूध-तूप बंद केलं. उसाचा रस भरपूर प्या, असंही डॉक्टर म्हणाले होते, पण ऊस वैद्यबुवांना चालत नव्हता. एकानं नको म्हटलं की माझ्यापुरतं ते संपलं. तिघांचं मिळून जे उरलं ती भाताची अळणी पेज. तीच मी दिवसातून तीनदा करत होते.

पहाटे रस वाटायचा. त्यानंतर दोन तास पोटात काही नाही. मग अर्क, मग पेज, मग तांबडं औषध. दोन औषधांमध्ये अंतर ठेवायचं म्हणून मी सारखी उन्हाकडे बघत बसायची. कंबर धरून यायची. दुपारी अंग टाकावं म्हटलं तर पुढच्या अर्काची वेळ झालेली असायची.

आठव्या दिवशी हे हळूच म्हणाले, "जरा मीठ टाक गं."

मी म्हटलं, "पथ्य आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मागितलं. तिसऱ्या दिवशी मागितलंच नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी रिकामी वाटी उचलली आणि आत गेले.

तेराव्या दिवशी परसात जाताना हे उंबऱ्यावर बसले ते त्यांना उठताच येईना. मी आणि मामंजींनी उचललं तेव्हा हाताला ओझं लागलं नाही. दीर म्हणाले, सोलापूरला न्यावं. मामंजी म्हणाले, एवढी वाट त्याला सोसायची न्हाय. शेवटी दिरांनी हकीमसाहेबांना घरी आणलं आणि स्वतः कचेरीला गेले.

हकीमसाहेबांनी यांची पापणी खाली ओढून पाहिली. पिवळेपण तर उतरलंय, म्हणाले, मग ताकद कुठं गेली? खाण्यात काय आहे, असं त्यांनी मामंजींना विचारलं. मामंजी म्हणाले, ते सुनेला ठाऊक.

मी दाराआडून पाटी पुढं सरकवली. हकीमसाहेबांनी ती उलटसुलट केली. ते उर्दू वाचायचे, आपली अक्षरं त्यांना येत नव्हती. मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हे डोळे मिटून पडलेले.

"बेटी, तूच वाच," हकीमसाहेब म्हणाले.

लग्नाला चार वर्षं झाली होती, मामंजींपुढं माझा आवाज कधी निघाला नव्हता. शाळेत वाचायची तसं एका सुरात वाचत गेले. पहिलंच नाव वैद्यबुवांचं होतं. ते तोंडातून गेल्यावर लक्षात आलं, आपण काय सांगून बसलो. पण मग थांबायचं कुठं, म्हणून डॉक्टरांपर्यंत सगळं वाचलं.

"मग खातो काय?"

"पेज."

"मीठ?"

"न्हाय. ते तुमचं नव्हतं, वैद्यबुवांचं होतं."

"किती दिवस?"

"तेरा." मग कुणी विचारलं नव्हतं तेही मी बोलले. "त्यांना भूक लागत होती. मला ठाऊक होतं."

हकीमसाहेब मामंजींकडे वळले. म्हणाले, "कावीळ गेली, सायब. आता हा भुकेनं पडलाय. आम्ही तिघांनी मिळून मास्तरला मारलाच होता."

पहिल्यांदाच मामंजी सरळ माझ्याशी बोलले. "मुगाचं कढण कर. मीठ घाल."

कढणाचा पहिला घोट यांनी कितीतरी वेळ तोंडातच धरला. मग वाटी संपवली आणि विचारलं, अजून आहे का? दुसरी वाटी यांच्या पोटात गेल्यावर मी खरकटं तसंच टाकून चुलीपुढं आडवी झाले. अर्काची वेळ टळली, तांबड्या औषधाचीही टळली. मला कुणी उठवलं नाही.

महिन्याभरानं हे शाळेत जाऊ लागले. मामंजी म्हणायचे रसानं गुण आला, दीर म्हणायचे अर्कानं, आणि हे त्या बाटलीचं नाव घ्यायचे. जेवताना तिघांचा वाद चालायचा. मी वाढत राहायची. मला विचारलं असतं तरी कुणाच्या औषधानं ते मला सांगता आलं नसतं. तेरा दिवस त्यांना उपाशी ठेवलं ते माझ्या हातानं, तेवढं मात्र मला माहीत होतं.