तीन वाजताची शाळा

आमच्या घरातली शाळा कुरिअरने आली. दोन खोकी होती. एकात इंग्रजी अक्षरांचे तक्ते, लाकडी ठोकळे आणि ओवायचे मणी. दुसऱ्यात एवढंसं टेबल, एवढीशी खुर्ची आणि एक फळा. शाळा काढणारा माझा मुलगा त्या वेळी आठशे किलोमीटर लांब, दक्षिणेतल्या एका शहरात, भट्टीसमोर बसून सोनं गाळत होता.

विट्याच्या आसपास याचं कुणाला नवल वाटत नाही. इथले पुरुष परमुलखात गलाईची दुकानं चालवतात. सराफाचं जुनं सोनं घ्यायचं, गाळून शुद्ध करायचं, परत द्यायचं. घरं आम्ही बायका चालवतो. माझा नवरा तेच करून म्हातारा झाला आणि आता कट्ट्यावर बसतो. मुलगा तेच करतोय. नवीन होतं ते इतकंच, की भट्टीसमोर बसल्या बसल्या त्याने मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला आणि ठरवलं, की साडेतीन वर्षांच्या पोरीला बालवाडीत घालायचं नाही. घरीच शिकवायचं. याला होमस्कूलिंग म्हणतात, अशी माहितीही त्याने मला दिली.

"मग शिकवायला तू येणार व्हय?" मी फोनवर विचारलं.

"मी हितनं सांगीन की आई. तुमी दोघी हायसा न्हवं घरात."

दोघी म्हणजे मी आणि सून. सून बीए झालेली आहे, कष्टाळू आहे, पण नवऱ्याचा फोन आला की तिला आपली बीए आठवत नाही. दोन म्हशी, एक एकर डाळिंब, सासऱ्याची पथ्यं, आणि वर आता शाळा.

व्हिडिओ हे निमित्त होतं, ते मला कळत होतं. मुलगा लहान असताना त्याचा बाप वर्षातून एकदा, चैत्रातल्या यात्रेला यायचा. बॅग घेऊन दारात उभा राहिला की हा दाराआड लपायचा आणि तिथून मला विचारायचा, "आई, ह्यो कोण आलाय?" आमच्या नात्यात कुठल्याही लग्नात हा किस्सा निघतोच. सगळे हसतात. मुलगा कधी हसला नाही. पोरगी झाली त्या वर्षी मला एवढंच म्हणाला होता, "माझी पोरगी मला बघून दाराआड जाणार न्हाई." त्यासाठी ही शाळा. पोरीच्या दिवसात आपल्यालाही थोडी जागा असावी, एवढंच त्याला हवं होतं. सरळ तसं बोलला असता तर मी ते तक्ते हौसेने भिंतीला लावले असते. पण सरळ बोलतील तर ते पुरुष कसले.

दुपारी तीनच्या सुमाराला दुकानात गिऱ्हाईक कमी. म्हणून रोज तीनला व्हिडिओ कॉल ठरला. "आज काय शिकलीस? दाखव पप्पाला." पहिल्या दिवशी पोरीने गोगलगाय दाखवली. दुसऱ्या दिवशी म्हशीच्या कानातली गोचीड दाखवायला निघाली होती. तो तिकडून म्हणाला, "ते ठिऊन दे. एबीसीडी म्हण." तिला येत नव्हती. त्याचं तोंड पडलं. फोन बंद झाल्यावर सुनेचंही पडलं.

"आई, त्यास्नी वाईट वाटतं वो," ती म्हणाली. "लांब असत्यात."

झालं, दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू. दोन वाजता पोरीला गोठ्यातून धरून आणायचं, हातपाय धुवायचे, फ्रॉक बदलायचा, त्या खुर्चीवर बसवायचं. सून फोन धरून उभी राहायची आणि फोनच्या मागे तक्ता धरून मी. पोरगी अडली की सून नुसते ओठ हलवायची. तिकडे माझ्या मुलाला वाटे, लेक आपल्याकडे टक लावून बघतेय. ती आईच्या ओठांकडे बघत असायची.

मी काही कमी नव्हते. एकदा बदकाचं चित्र रंगवून दाखवायचं होतं आणि पोरीने सगळा कागद एका रंगाने बरबटून ठेवला होता. तीनला दहा कमी. मी दुसरा कागद घेतला आणि बदक स्वतःच काढलं. घाईत पाय निळे झाले. मुलाने तिकडून "व्हेरी गुड" दिलं. पन्नाशी उलटल्यावर मला चित्रकलेत व्हेरी गुड मिळालं.

धाकटी जाऊ एकदा ताक न्यायला आली आणि हा सगळा थाट बघून गेली. जाताना म्हणाली, "आवं आक्का, शाळा घरात, मग गॅदरिंग गोठ्यात करणार का?"

"म्हशीस्नी येळ असंल तवा करू," मी म्हटलं. पण लागलं मला ते.

पोरगी दिवसभर काय करायची ते आम्ही बघतच होतो. शेंगा फोडताना किडका दाणा बाजूला टाकायची. कुठल्या कोंबडीने कुठे अंडं घातलंय ते तिलाच विचारावं लागे. डाळिंबाच्या ओळी चालत मोजायची, सात विसरायची, पुन्हा पहिल्यापासून मोजायची. हे तीन वाजता सांगायचं नसतं, हेही तिला आम्हीच शिकवलं. एकदा अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू दोन्ही हातांत धरून ती फोनसमोर आली. सुनेने ते काढून घेतलं, कारण कविता बाकी होती. पोरगी रडली. तिकडून आवाज आला, "रडायचं न्हाई. गुड गर्ल." त्या दिवसापासून फोनची रिंग वाजली की ती आपणहून हात मागे बांधून उभी राहायला लागली. वळण लागलं म्हणून आम्ही खूश झालो. काय अक्कल होती आम्हा दोघींची.

दिवाळीला दुकान सोडता येत नाही. तो आला तो चैत्रातच, यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी. पोरगी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. त्याने बॅग खाली ठेवली, उकिडवा बसला आणि दोन्ही हात पसरले. तिने पाहिलं. दाराआड गेली नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू कुस्ती मारली.

मग पोरीने हात फ्रॉकला पुसले, मागे बांधले, ताठ उभी राहिली आणि सुरू केलं. ए फॉर ॲपल. बी फॉर बॉल. तो हात पसरून बसलेलाच. ती थांबली नाही. झेडपर्यंत गेली, मग कविता म्हटली, दोन्ही कडवी. मग मान वळवून मला विचारलं, "झालं आज्जी. जाऊ का?"

मला विचारलं. त्याला नाही.

कट्ट्यावरून तिचा आजा म्हणाला, "माझ्यापरीस बरं की. मला बघून तू पळायचास." मुलाला धीर द्यायचा होता, पण ते बोलून म्हाताऱ्याने होतं नव्हतं तेही घालवलं.

मुलाने चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाला, "तुमी दोघींनी पोरीचा पोपट केलाय."

सून खाली बघायला लागली. मी नाही बघितलं. "आमी? रोज तीनला परीक्षा कोण घेत हुतं? पिल्लू घिऊन आली हुती ती. एकदा तरी बघितलंस का?"

"चित्रं तरी चांगली काढत हुती ती."

"कुठली चित्रं? ते निळ्या पायाचं बदक मी काढलंय."

त्याने कप खाली ठेवला. "ते मी प्रिंट काढून दुकानात लावलंय," म्हणाला. "भट्टीच्या वरच."

"मग काढून टाक," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

पंधरा दिवस होता. मी त्याला कामाला लावलं. म्हशींना पाण्यावर ने, पोरीला बरोबर घे, आणि तोंड उघडू नकोस. पहिले चार दिवस तो जवळ बसला की ती विचारायची, "आज सुट्टी हाय का?" पाचव्या दिवशी तिने विचारलं नाही. एवढीच प्रगती. गळ्यात पडली, मांडीवर झोपली, असलं काही मी सांगणार नाही, कारण झालं नाही. सहाव्या दिवशी त्याच्या हातात शेंगांची पाटी देऊन म्हणाली, "किडकं हिकडं टाकायचं." त्याने दोनदा चुकीचे टाकले. तिने ते उचलून बाजूला केले.

जूनपासून तिला अंगणवाडीत घालायचं, हे मी ठरवलं आणि त्याला सांगितलं. दोन गल्ल्या पलीकडेच आहे. त्याने वाद घातला नाही.

निघायच्या दिवशी तो बॅग भरत होता. पोरगी एक कागद घेऊन आली. कुणी काढायला सांगितलं नव्हतं. उभा चौकोन होता, आत दोन ठिपके आणि खाली एक वाकडी रेघ.

"हे काय गं?" त्याने विचारलं.

"पप्पा."

"आणि ह्यो चौकोन?"

"फोन."

त्याने कागद हातात घेतला. मग त्याची नीट घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. व्हेरी गुड मात्र म्हणाला नाही. तेवढं शिकला.