दशक्रियेच्या जेवणाचं पान

अवसरीत माझ्या वहिनी लग्नाकार्याचं जेवण करून देतात. पुण्याच्या एका वेबसाइटवाल्याने त्यांना पटवलं की मोबाइलवर शोधणाऱ्याला आधी आपणच दिसायचं, तर प्रत्येक गावाचं, प्रत्येक प्रसंगाचं वेगळं पान हवं. मग त्याने एकच मजकूर घेतला आणि गावाचं नि प्रसंगाचं नाव तेवढं बदलून ढीगभर पानं पाडली. मी कॉम्प्युटरवर पोट भरणारा दीर. असली पानं ओळखू आली की शोधात अख्खी साइट खाली ढकलली जाते, हे मी सांगून पाहिलं. पण पिकतं तिथे विकत नाही.

एका दुपारी मंचरहून एका मुलीचा फोन आला. वहिनींचे हात पिठात होते, म्हणून मी स्पीकर लावला. तिचे वडील वारले होते.

"ताई, तुमच्या पानावर लिव्हलंय, दशक्रियेच्या मंगल प्रसंगाचा आनंद द्विगुणित करा. ह्ये तुमी लिव्हलंय व्हय?"

आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"न्हाई बाई," वहिनी म्हणाल्या, "पन नाव माझं हाय, म्हंजी चूक माझीच." मग हळूच विचारलं, "वडलांना काय आवडायचं?"

आमच्याकडे दहाव्याला पिंडाजवळ गेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवतात. कावळा शिवेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो.

ती रडायलाच लागली. "शेंगोळी. लई लसूण घातल्याली."

वहिनींनी हुलग्याच्या पिठाची शेंगोळी केली आणि घाटावर स्वतः नेऊन दिली. आल्यावर म्हणाल्या, "भावजी, ती समदी पानं काढून टाका."

वेबसाइटवाला हळहळला, शोधातला वरचा नंबर जाईल म्हणाला. मी त्याला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तोही पोटासाठीच करत होता, हे मागाहून सुचलं.

आता दशक्रियेचं एकच पान आहे. वहिनी बोलल्या तसं मी लिहिलं: आम्ही कुठवर येतो, काय काय करतो, आणि फोन कराल तेव्हा गेलेल्या माणसाला काय आवडायचं तेवढं सांगा. शोधात आम्ही बरेच खाली असतो. फोन कमी झालेत, आणि त्याचं वाईट वाटतं, वहिनींनाही.

परवा जुन्नरहून एकाने फोन केला. त्याची आई गेली होती. वहिनींनी नेहमीचं विचारलं.

"आमाला वाढून उरंल ते खायची ती," तो म्हणाला. "तिला काय आवडायचं, कुनी कंदी इचारलंच न्हाई."