यादीतलं सातवं नाव

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. रामदासपेठेतल्या एका सरकारी ऑफिसात मी टायपिस्ट होते. खात्याची परीक्षा पास झालं की टायपिस्टला कारकुनाची जागा मिळायची. मी अर्ज दिला. आमच्या हेडक्लार्कना सगळे बडेबाबू म्हणत. त्यांनी तो घेतला, वाचलाही नाही आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

पंधरा दिवसांनी परीक्षेला बसणाऱ्यांची यादी माझ्याकडेच टाईप करायला आली. सहा नावं, सगळे पुरुष. त्यातल्या दोघांना साधा रजेचा अर्ज धड लिहिता येत नव्हता. मीच दुरुस्त करून द्यायची. माझं नाव नव्हतं. मी कागदांत कार्बन घातले, चार प्रती काढल्या, टाचण्या लावल्या आणि बडेबाबूंच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. वर ते म्हणाले, "बाई, जरा चहाचं सांगून या." मी सांगून आले.

आज इतक्या वर्षांनीही बडेबाबूंपेक्षा मला त्या चहाचा जास्त राग येतो. माझं तोंड कोणी दाबलं नव्हतं. 'माझं नाव कुठे आहे?' एवढंच तर विचारायचं होतं. पुढे वर्षभर सायकलवरून सक्करदऱ्याला घरी जाताना मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायची. एकेक उत्तर असं चोख असायचं! आणि सकाळी ऑफिसात पाय ठेवला की, "नमस्कार, बडेबाबू."

दुसऱ्या वर्षी अर्ज देताना मी पोच मागितली. ते हसले. "पोच कायची बाई? आपण घरचेच लोक आहो." यादी आली. पुन्हा सहाच नावं. मी ती टाईप केली आणि खाली सात आकडा मारून माझं नाव टाकलं. स्वतःच्याच आडनावात चूक झाली. खोडून पुन्हा मारलं.

"हे कोणी सांगतलं टाकाले?" बडेबाबूंनी विचारलं.

"कोणी नाही. माझा अर्ज तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे."

"नाव काढा. दुसरी यादी करा."

"का?"

"बाई, आज ना उद्या तुमचं लगन होईल, नोकरी सोडून जासान. एका माणसाची जागा काहून अडवून राहिल्या?"

"मग मी कोण आहे?"

माझा आवाज एवढा चढेल असं मलाच वाटलं नव्हतं. सगळ्यांच्या माना वर झाल्या. यादी त्याच दिवशी टपालात पडायची होती आणि मशीन चालवणारी मी एकटी. मी म्हटलं, "मी दुसरी यादी करणार नाही. तुम्हाला करायची तर मशीन तिथे आहे." आणि कागद उचलून थेट साहेबांच्या खोलीत गेले. बडेबाबू मागोमाग आले.

साहेबांनी त्यांना एकच विचारलं, "नियमात बसते का ही?"

"बसते साहेब, पण..."

साहेबांनी सही केली. दोन मिनिटं लागली असतील. एवढ्यासाठी माझं एक वर्ष गेलं होतं!

पुढचं भांडण घरी झालं. परीक्षेच्याच दिवशी मौद्याला मावसबहिणीचं लग्न निघालं. आई म्हणाली, "परीक्षा पुढच्या साली दे वं. तिचं लगन काय पुन्हा होणार हाय?"

"मी येणार नाही, आई."

भाऊ उसळला. "लोक काय म्हणतीन?"

"दादा, तुझी मॅच होती म्हणून तू तिच्या साक्षगंधाले नाही आला. तेव्हा काय म्हटलं लोकायनं?"

त्यानं दार आपटलं. लग्नाच्या दिवशी ते दोघं पहिल्या बसनं गेले. आईनं जाताना माझ्यासाठी एकही पोळी टाकली नाही. मी स्वतः कणीक भिजवली, पोटभर जेवले आणि परीक्षेला गेले. पेपर लिहिताना राग धुमसतच होता. तरी एकही प्रश्न सोडला नाही.

निकालात आम्ही तिघं पास झालो. बडेबाबूंनी सगळ्यांसमोर पेढा हातात घेतला आणि म्हणाले, "बाईंना मीच बसवलं परीक्षेले."

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही नाव काढायला सांगितलं होतं."

त्यांनी पेढा तसाच खाली ठेवला.

मावशीनं तीन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं. आई म्हणायची, एकदा जाऊन पाया पड, मिटून जाईल. मी गेले नाही. मला कारकुनाचं टेबल मिळालं होतं, काम शिकायचं होतं, आणि रविवारी मी पुढच्या परीक्षेचा अभ्यास करत होते.