पोटातल्याला 'बे'

अमरावतीच्या दवाखान्यात ती नेहमी माझ्याच बाकावर असायची. दोघींनाही सहावा महिना. नाव मी कधी विचारलंच नाही. जुन्या साड्यांची दुपटी शिवता शिवता ती कुणाच्याही पोटाला दरडावायची. माझं बाळ हलेना म्हणून मी रडवेली झाले, तेव्हाही तेच: "काहून बे, मायले भेव दाखवून राह्यला?" ते लगेच हललं!

एकदा मात्र तिची सुई थांबलेली होती. "सकायपासून माह्यावालं आयकूनच नाई राह्यलं. आता तू रागाव त्याले." तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला.

मी लग्न होऊन आलेली पुणेकरीण. "बाळा, हलतोस का रे?"

"असं नाई वं! बे म्हन!"

जन्मात पहिल्यांदा मी कुणाला 'बे' म्हटलं. लाथ सरळ माझ्या तळहातावर बसली.