नवव्या दिवशीचा बांबू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ऑफिसात कुणाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. सहा वर्षं झाली. आता थकलो आहे — कामानं नव्हे, काम तसं झेपतं — एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून थकलो आहे. तुम्ही म्हणाल, आत्ताच तर म्हणालास की कुणाला सांगितलं नाही. खरं आहे. सांगत आलो ती वेगळी गोष्ट.

माझं काम समजायला सोपं आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत हातानं जे बनतं त्याचे फोटो काढायचे, मोबाइलवर त्याचं दुकान मांडायचं, परदेशातल्या गिऱ्हाइकाला उत्तरं द्यायची, माल बांधून रवाना करायचा. आणि हे सगळं गावातल्या बायांना शिकवायचं, म्हणजे एक दिवस माझी गरज उरणार नाही. तो दिवस अजून आलेला नाही. यावा असं मला मनापासून वाटत होतं का? राहू द्या. तो वेगळा विषय आहे.

सिंदेवाहीच्या पुढे जंगलाला लागून एक गाव आहे. तिथल्या आठ बाया टोपल्या, सुपं करायच्या. मी त्यांना दिव्यावर घालायच्या बांबूच्या शेड करायला लावल्या. गटात सगळ्यांत मोठी मैनाबाई. तोडलेला बांबू गावाच्या बोडीत — म्हणजे शेताकडच्या लहान तळ्यात — बुडवून ठेवायचा. पाण्यात त्याची गोडी उतरते. गोडी राहिली तर पुढे त्यात घुण पडतो आणि आतून सगळं पीठ होतं. एकवीस दिवस ठेवायचा असं सगळे म्हणायचे, पण दिवस कुणी मोजत नसे. मैनाबाई पाण्यात उतरायची, एका बांबूची चिपटी काढायची, हापशावर धुवायची आणि चावून बघायची. तोंड वाकडं करून थुंकायची. मग एक तर मान हलवायची किंवा म्हणायची, "निघाला," म्हणजे पाण्याबाहेर काढायला झाला. तिनं निघाला म्हटलं की निघाला. हे ती आईकडून शिकली होती. गावात तिला याच कामाचा मान होता, आणि तिला तो आवडायचा.

मलाही आवडायचा. दुकानाच्या पानावर मी थाटात लिहिलं होतं — एकवीस दिवस बोडीच्या पाण्यात मुरवलेला, मैनाबाईंनी चाखून पारखलेला बांबू. खाली तिचा फोटो. असलं काही लिहायला मला जमतं.

पहिली परदेशी ऑर्डर आली ती डेन्मार्कमधून. एका बाईचं लहानसं दुकान, तिला नाताळाच्या आधी चाळीस शेड हव्या होत्या. गाव हरखलं. मी तर जास्तच हरखलो. ऑफिसात सांगून बसलो की या महिन्यात माल जाणार. मोबाइलवर तारीख लाल अक्षरांत दिसायची, रोज एक दिवस कमी व्हायचा. नवीन दुकान, उशीर झाला तर शेरा खराब पडतो — हे खरं होतं. पण डेन्मार्कच्या बाईला लिहून आठवडा मागून घेता आला असता, हेही खरं होतं. मी लिहिलं नाही. का? कारण मग ऑफिसातही तोंड उघडावं लागलं असतं. एवढंच. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

बांबू पाण्यात जाऊन नऊ दिवस झाले होते. धानाची कापणी चालू होती, बाकीच्या बाया शेतावर. बोडीवर मी आणि मैनाबाई, दोघंच. मी म्हटलं, आज काढू. ती पाण्यात उतरली, चिपटी धुतली, चावली. बराच वेळ चावत राहिली — मला वाटतं माझ्याखातर.

"अजून गोड लागून राह्यला, भाऊ. हा नाई निघत."

मी हसून म्हटलं, बाई, आता थंडी आहे, थंडीत किडा कुठला? शेड सावलीत वाळवू, पक्क्या होतील. मला बांबूतलं काय कळत होतं? काहीच नाही. मला मोबाइलवरची पानं कळत होती.

"काऊन घाई करून राह्यले तुम्ही?"

मी खिशातून मोबाइल काढला आणि ती लाल तारीख तिच्यापुढे धरली. तिला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तिनं त्या लाल अक्षरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि वाकून बांबूच्या मोळीचा दोर सोडायला लागली.

माल वेळेत गेला. फोटो आले, खिडकीत टांगलेल्या शेड, आत पिवळा उजेड. गावात पेढे वाटले. मैनाबाईनं पेढा घेतला, खाल्ला नाही, पदरात बांधला. हे मी तेव्हाही पाहिलं होतं.

फेब्रुवारीत डेन्मार्कच्या बाईनं व्हिडिओ पाठवला. टेबलावर पांढरं पीठ, शेडला टाचणीएवढी भोकं, आणि एक काळा किडा सावकाश चालत निघालेला. खाली सभ्य भाषेत एकच प्रश्न — तुमच्या पानावर एकवीस दिवस लिहिले आहेत, ते भरले होते का?

आता ऐका. मी उत्तर आधी मराठीत लिहिलं. 'कारागीर बाईकडून बांबू मुदतीआधी काढला गेला. तिला समज दिली आहे.' मग मोबाइलवर त्याचं इंग्रजी करून घेतलं. सफाईदार झालं. एक अक्षर बदलावं लागलं नाही. पाठवून दिलं आणि चहा प्यायलो.

समज तर कुणाला दिली नव्हती. ती द्यायला, म्हणजे माझं लिहिणं खरं करायला, मी दोन दिवसांनी गावात गेलो. शाळेच्या वऱ्हांड्यात बैठक बसली. व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. मग मी विचारलं — सगळ्यांसमोर, अगदी नरम आवाजात — "मैनाबाई, दिवस पुरे भरले होते ना?"

असा प्रश्न माणूस का विचारतो? ज्याला उत्तर माहीत आहे, तो?

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. पुढचं वाक्य मी बोलेन म्हणून वाट बघत होती. मी वहीत काहीतरी लिहीत राहिलो.

"नाई भरले, भाऊ," ती म्हणाली. "नऊच झाले होते."

गटाची अध्यक्ष तिच्या भाचीसारखी, तिच्याच हाताखाली शिकलेली. ती म्हणाली, "मग काढला काऊन तुवा?"

"चुकलं माह्यं."

तिनं असं का केलं, यावर मी सहा वर्षं विचार केला आहे. दुकानाचं पान चालवणारा मी एकटा होतो, मी गेलो तर आठ घरांचं काम जाईल, हे तिला कळत होतं — असं एक वाटतं. की माझी लाज तिला माझ्यापेक्षा आधी वाटली? विचारता आलं असतं. विचारलं नाही.

त्यानंतर बांबू चाखायचं काम तिच्याकडून काढून घेतलं. भिंतीवर खडूनं एकवीस रेघा मारायचं ठरलं, आणि ती कल्पना माझीच. मैनाबाई कामट्या सोलायला बसली, शिकाऊ पोरी बसतात तिथं. पानावरून तिचं नाव आणि फोटो मी काढला. बोट एकदा दाबलं, झालं. मी गेलो की ती अजूनही चहा ठेवायची. मी प्यायचो.

इथवर असतं तरी एक वेळ. पण मी त्याची गोष्ट केली. मला प्रशिक्षणं घ्यावी लागतात — सिंदेवाही, सावली, गडचिरोली, कुठेही — आणि लोकांना उदाहरण लागतं. मी पडद्यावर तो किडा दाखवतो आणि सांगतो, एका बाईनं नवव्या दिवशीच बांबू काढला, आपल्या जिभेवर फार भरवसा होता तिचा. इथं लोक हसतात. मग मी म्हणतो, जिभेवर जाऊ नका, तारीख लिहा. टाळ्याही पडतात. किती वेळा सांगितलं असेल, मोजलं नाही. जीभ खरं बोलली होती. त्या सगळ्या प्रकारात खरं बोललेलं तेवढंच.

मागच्या महिन्यात सावलीच्या सभागृहात हेच चालू होतं. किडा पडद्यावर आला आणि मला खिडकीकडच्या रांगेत मैनाबाई दिसली. गटाच्या बायांबरोबर आली होती. प्रशिक्षणाला कोण येणार, ती नावांची यादी मी वाचत नाही. थांबता आलं असतं — पाणी प्यायचं निमित्त करून, पुढचं चित्र लावून. मी थांबलो नाही. तोंडाला सवय झाली आहे. गोष्ट आपोआप पुढे गेली, जिभेचं वाक्य आलं, लोक हसले. ती पडद्याकडे बघत होती.

चहाच्या वेळी ती माझ्याकडे आली. म्हातारी झाली आहे. कपात बिस्कीट बुडवून खात होती, पुढचे दात गेले आहेत. मी काही बोलायच्या आत म्हणाली,

"नऊ दिवस बरोबर सांगतले जी तुम्ही. मले वाटलं, भुलले असान."

आणि कप ठेवायला निघून गेली. दुपारचं सत्र मी घेतलं, वेळेत संपवलं.

मी भुललो नव्हतो, काहीच विसरलो नव्हतो. नवव्या दिवशी बांबू मी काढायला लावला. तिनं चाखून सांगितलं होतं, अजून गोड आहे.