साठच्या मशीनवर एकशे चव्वेचाळीस

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही... कुणी असलं काही सांगायला लागलं की मी आधी वायरिंग बघतो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण घडलं तसं सांगतो.

ताडकळसला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. आम्ही मेंढरं राखणाऱ्या घरातले. धाकटा भाऊ सोपान मात्र गेमच्या नादी लागला. वर्षभर कामाला जाऊन त्याने सत्तावीस इंची गेमिंग मॉनिटर घेतला — एक मिलिसेकंद, १४४ हर्ट्झ. म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा नवं होतं. साध्या मॉनिटरवर साठ वेळा.

"दादा, दोन मिनिटं नुसता माऊस फिरवून बघ की. फरक दिसायलाय का न्हाई सांग."

"मला गाढवाला गुळाची चव कुठली!" असं म्हणून मी टाळायचो. कायम कुणाचा तरी फॉर्म भरायचा असायचाच.

मागच्या पावसाळ्यात सोपान तापाने गेला. चोवीस वर्षांचा होता. दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. कावळे बाभळीवर बसलेले, पण एकही खाली येईना. मी हात जोडून बोलत राहिलो — आईला सांभाळीन, तुझी मेंढरं विकणार नाही... शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून आईचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. "माझ्या लेकराचं काय राहिलं रं?" एवढंच विचारायची. 

सोपानचं ग्राफिक्स कार्ड मी त्याच्या मित्राला दिलं आणि मॉनिटर दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरला लावला. ते मशीन साठच्या वर जातच नाही, सेटिंगमध्ये दुसरा आकडाच नाही. चित्र सेकंदाला किती वेळा नवं होतं ते दाखवणारा, सोपाननेच मॉनिटरवर चालू ठेवलेला हिरवा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो. तो कायम ६०.

बाजाराच्या दिवशी भरदुपारी आई डबा घेऊन आली. कळपात एखादं मेंढरू जरासं लंगडलं तरी तिला लांबून कळतं. मी फॉर्म भरत होतो. ती पडद्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आज ह्यो बाण लंगडत न्हाई रं. सोपान असताना असाच पळायचा."

मी कोपऱ्यात बघितलं. १४४.

केबल तीच, मशीन तेच. सेटिंग उघडली — तिथे ६०च!  गिऱ्हाईक ताटकळलेलं, तरी मी दोन मिनिटं नुसता माऊस फिरवत राहिलो. बाण तेल लावल्यासारखा सरकत होता. मला रडू आवरेना.

"दिसला रे, सोपान," मी मोठ्याने म्हणालो, "लय फरक हाय."

आकडा ६० झाला. परत कधी हलला नाही.

 आईने डबा उघडून आधी एक घास बाहेर पत्र्यावर ठेवला, मग माझ्यासमोर बसून अख्खी भाकरी खाल्ली.

परभणीच्या मेकॅनिकला मशीन दाखवलं. "ह्याच्यावर १४४ येतच न्हाई, तुमी चुकून बघितलं आसंल," म्हणाला. असेलही. मला आजवर उलगडा झालेला नाही. एवढंच कळतं, की नदीवर मी वचनांवर वचनं देत होतो आणि माझ्या भावाने मागितली होती फक्त दोन मिनिटं.